घाट उतरण्याआधी ब्रेक पॅड बघून घ्या



गणपतीला अजून महिना-दीड महिना आहे. बंगळूर, हैदराबाद, बडोदा, इंदूर, जिथे कुठे तुम्ही असाल, गावी जायचे बेत घरात सुरू झाले असतील. कुणी रेल्वेचं तिकीट काढलं असेल, कुणी गाडी ठरवली असेल. आणि आमच्या बेळगावसारख्या ठिकाणी राहणारे पुष्कळ जण सरळ मोटारसायकलला किक मारून कोकणात उतरतात. आजचा लेख खास त्यांच्यासाठी आहे. पण रोज ऑफिसला, बाजाराला, क्लासला दुचाकीवर जाणाऱ्यांनीही वाचावा, कारण ब्रेक सगळ्यांनाच लागतो.

गेल्या वर्षीची गोष्ट सांगते. माझी ताई आणि तिचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, गणपतीसाठी बेळगावहून सावंतवाडीकडे निघाले. वाट नेहमीची, आंबोली घाटाची. आठच दिवसांपूर्वी भाच्याने पुढच्या चाकाचे ब्रेक पॅड बदलून घेतले होते. दुकानदाराने विचारलं, "कंपनीचा देऊ की साधा?" साधा निम्म्याहून कमी किमतीत होता. भाचा नुकताच नोकरीला लागलेला, सणाचा खर्च समोर. त्याने साधा घेतला. वाचले ते अडीचशे रुपये.

गावात आठ दिवस गाडी छान चालली. ब्रेक लागत होता, आवाज नव्हता. घाटात मात्र चार-पाच वळणं उतरल्यावर जळका वास यायला लागला. मग लिव्हर दाबली की हाताला घट्ट लागायची, पण गाडीचा वेग म्हणावा तसा कमी होईना. मागे आई, मांडीवर पिशवी, पुढे ओला उतार. पोराने डोकं शाबूत ठेवलं. गिअर खाली टाकत टाकत, मागचा ब्रेक धरत त्याने गाडी डोंगराच्या बाजूला घेतली आणि थांबवली.

ताई त्या दिवशी कुणालाच काही बोलली नाही. गौरी-गणपती झाले, मग तिने मला फोन केला. म्हणाली, "अगं, तो ब्रेक दाबतोय आणि गाडी थांबत नाही, हे मला त्याच्या खांद्यांवरून कळत होतं." परतताना ती एसटीने आली. त्यानंतर ती त्याच्या मागे बसलेली नाही.

हे ऐकल्यावर मी आमच्या गॅरेजच्या मिस्त्रीकाकांकडे गेले. मला गाडी चालवता येते, पण तोवर ब्रेक पॅड कधी हातात घेऊनही बघितला नव्हता. काकांनी भाच्याचे काढलेले पॅड दाखवले. त्यांचा पृष्ठभाग काचेसारखा चकचकीत झाला होता आणि एका कडेचा तुकडा उडालेला होता. तिथून मी जे शिकले आणि नंतर वाचून पडताळून पाहिलं, ते आज तुमच्यापुढे ठेवते.

गावात चालला, मग घाटात का नाही?

भाच्याचा प्रश्न हाच होता. "मावशी, आठ दिवस तर नीट होता!"

याचं उत्तर उष्णतेत आहे. ब्रेक गाडीचा वेग गिळून टाकत नाही, तो वेगाची उष्णता करतो. डिस्कला दोन्ही बाजूंनी पॅड चिमटा काढतात, घर्षण होतं आणि डिस्क तापते. ती उष्णता वाऱ्यावर निघून जाते.

थोडं गणित करू. गाडी, दोन माणसं आणि सामान मिळून २८० किलो धरा. ताशी ६० किलोमीटर वेगातून ही गाडी एकदा पूर्ण थांबवायची तर ब्रेकमध्ये सुमारे ३९ किलोज्यूल उष्णता तयार होते. शहरात असं एकदा थांबलं, की पुढच्या सिग्नलपर्यंत डिस्क थंड होते.

आता घाट बघा. तीच गाडी एकसारख्या वेगाने १०० मीटर उंची खाली उतरली, तर सुमारे २७५ किलोज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. म्हणजे ६० च्या वेगातून सात वेळा थांबण्याइतकी. घरातल्या भाषेत सांगायचं तर पाच-सहा कप चहाचं पाणी उकळीला आणेल इतकी उष्णता. आंबोली गाव जवळपास ७०० मीटर उंचीवर आहे, आणि तिथून खाली कोकणात उतरताना असे १०० मीटर एकामागून एक येत राहतात. यातला काही भाग इंजिन आणि वारा उचलतात. पण तुम्ही वरचा गिअर टाकून नुसता ब्रेक धरून उतरलात, तर जवळजवळ सगळा भार त्या दोन छोट्या पॅडवर येतो.

हलक्या प्रतीचा पॅड इतका तापला की त्याला बांधून ठेवणारं रसायन जळायला लागतं. पृष्ठभाग गुळगुळीत होतो आणि पकड सुटते. म्हणून गावात चाललेला पॅड घाटात चालेलच असं नाही. पकड तिसऱ्या हिश्शाने कमी झाली, तर थांबायला लागणारं अंतर दीडपट होतं. २३ मीटरमध्ये थांबणारी गाडी ३५ मीटरवर थांबते. वळणावर हे १२ मीटर कुठून आणणार?

लिव्हर काय सांगते ते ओळखा

ही एक खूण घरातल्या प्रत्येक गाडी चालवणाऱ्याला माहीत हवी.

लिव्हर घट्ट लागते पण गाडी थांबत नाही, तर दोष बहुधा पॅडमध्ये आहे. पॅड तापलेत, चकचकीत झालेत किंवा त्यांना तेल लागलंय.

लिव्हर स्पंजासारखी मऊ लागते, मुठीपर्यंत येते, तर दोष ब्रेक ऑइलमध्ये आहे. त्यात हवा शिरली आहे, ते गळतंय किंवा उकळून त्यात वाफ झाली आहे. अशा वेळी नवे पॅड टाकून काहीही उपयोग नाही.

दुकानात जाण्याआधी एवढं ओळखलंत, तर नको त्या भागावर पैसे जाणार नाहीत.

आधी बघा, खरंच बदलायचे आहेत का?

हातात फोन आहेच. त्याचा टॉर्च लावा आणि पुढच्या चाकाजवळ बसा. डिस्कवर बसवलेला जो जाड भाग दिसतो तो कॅलिपर. त्याच्या फटीतून आत बघितलं की डिस्कच्या दोन्ही बाजूंना पॅड दिसतात. प्रत्येक पॅडला दोन थर असतात. बाहेरची लोखंडी पट्टी आणि आतला, डिस्कला घासणारा थर. मोजायचा तो आतला थर. पट्टीसकट जाडी बघून "अजून पुष्कळ आहे" म्हणणारे खूप जण असतात.

बहुतेक पॅडवर झिजेची खूण म्हणून एक खाच असते. खाच दिसेनाशी झाली की पॅड संपला. खाच सापडली नाही तर गाडीचं पुस्तक काढा. पुष्कळ गाड्यांना घासणारा थर १ ते १.५ मिलिमीटर उरला की बदला असं सांगितलेलं असतं. पण लांबच्या घाटप्रवासाआधी दोन मिलिमीटर दिसत असेल, तर माझ्या मते शेवटच्या मिलिमीटरचा हिशोब करत बसू नये.

दोन्ही पॅडची तुलना करा. एक खूप झिजलाय आणि दुसरा तसाच आहे, तर कॅलिपरची सरकणारी पिन किंवा पिस्टन अडकत असण्याची शक्यता आहे. ते साफ न करता नवे पॅड टाकले तर तेही तसेच एका बाजूने झिजतील.

लोखंडावर लोखंड घासल्याचा कर्रर्र आवाज आला, तर पॅड संपून पट्टी डिस्कला लागली आहे. मग गाडी चालवू नका. डिस्क पॅडपेक्षा कितीतरी महाग असते.

मागच्या चाकाला ड्रम ब्रेक असेल, तर तिथे पॅड नसून ब्रेक शू असतात, ज्यांना पुष्कळ ठिकाणी लायनर म्हणतात. ब्रेक पूर्ण दाबून ड्रमजवळची बाणाची खूण बघा. बाण शेवटच्या रेषेपर्यंत पोचला असेल, तर लायनर बदलायला आलेत.

पॅडचे प्रकार, सोप्या भाषेत

दुकानात गेलात की मुख्यतः तीन प्रकारची नावं कानावर पडतील.

ऑरगॅनिक. तंतू आणि इतर पदार्थ रेझिनने बांधून केलेले. थंड असतानाही लगेच पकडतात, आवाज कमी करतात, डिस्कला जपतात. पण लवकर झिजतात आणि फार तापले की पकड सोडतात.

सेमी-मेटॅलिक. त्यात धातूचे कण मिसळलेले असतात. उष्णता थोडी जास्त सोसतात आणि थोडे जास्त टिकतात. रोजच्या वापराला आणि अधूनमधून घाटाला हा मधला मार्ग.

सिंटर्ड. धातूची पूड दाबून आणि तापवून केलेले. उष्णतेत आणि पावसात पकड चांगली ठेवतात, जास्त दिवस टिकतात. मात्र महाग असतात, डिस्क जास्त झिजवतात आणि काही वेळा आवाज करतात.

हे वाचून तुम्ही म्हणाल, मग सगळ्यांनी सिंटर्डच घ्यावेत की! इथेच गल्लत होते. तुमच्या गाडीची डिस्क ज्या पॅडसाठी बनवली आहे, त्याच्याशी तिची जोडी जमते. ऑरगॅनिक पॅडसाठी असलेल्या डिस्कवर कडक सिंटर्ड पॅड लावला, तर तो डिस्क खात सुटेल. उलट वजनदार, वेगवान गाडीला कंपनीने सिंटर्ड दिलेले असताना स्वस्त ऑरगॅनिक लावले, तर ते उष्णता सोसणार नाहीत. म्हणून पहिला नियम साधा आहे. कंपनीने जो प्रकार दिला आहे, तोच घ्या. बदल करायचाच असेल, तर तो पॅड तुमच्याच मॉडेलच्या डिस्कला चालतो असं पॅड बनवणाऱ्याने लिहून दिलेलं असलं पाहिजे. "चालतंय हो" हे दुकानदाराचं आश्वासन पुरेसं नाही.

पॅडवरची दोन अक्षरं

काही पॅडच्या मागच्या पट्टीवर लांबलचक क्रमांकाच्या शेवटी दोन इंग्रजी अक्षरं असतात. एफएफ, जीएफ, जीजी, एचएच अशी. ती कशाला असतात हे बहुतेकांना माहीत नसतं. पहिलं अक्षर सांगतं पॅड नेहमीच्या तापमानाला किती घर्षण देतो, दुसरं सांगतं तापल्यावर किती देतो.

ई म्हणजे घर्षणाचा आकडा ०.२५ ते ०.३५.
एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५.
जी म्हणजे ०.४५ ते ०.५५.
एच म्हणजे ०.५५ च्या वर.

समजा पॅडवर जीएफ आहे. याचा अर्थ नेहमी तो जी इतकी पकड देतो, पण तापला की एफवर उतरतो. घाटात जाणाऱ्याने दुसऱ्या अक्षराकडे नीट बघावं. पण एक लक्षात ठेवा, ही अक्षरं फक्त घर्षण सांगतात. पॅड किती टिकेल, डिस्क किती खाईल, हे त्यातून कळत नाही. आणि एचएच म्हणजे सगळ्यात चांगला असंही नाही. हलक्या गाडीला फार चावरा पॅड लावला तर ओल्या रस्त्यावर पुढचं चाक पटकन अडकून घसरू शकतं. जुन्या पॅडवर जी अक्षरं आहेत, तीच नव्यावर मिळाली तर उत्तम.

दुकानात गेल्यावर

जुना पॅड सोबत न्या, किंवा किमान त्याचा दोन्ही बाजूंनी फोटो काढून न्या. गाडीचं नाव सांगणं पुरत नाही. एकाच नावाच्या गाडीला वेगवेगळ्या वर्षी वेगळा कॅलिपर असू शकतो, एबीएस असलेल्या आणि नसलेल्या गाडीत फरक असू शकतो. मॉडेल, वर्ष आणि जमल्यास पुस्तकातला पार्ट नंबर सांगा.

नवा पॅड जुन्याला जोडून धरा. आकार, पिनेची भोकं, पट्टीची जाडी तंतोतंत जुळली पाहिजे. "थोडं घासून बसवतो" असं कुणी म्हणालं, तर नमस्कार करून निघा.

घासणारा थर पट्टीला सगळीकडे सारखा चिकटलेला आहे का बघा. कडेला फट, तडा, उडालेला तुकडा दिसला तर घेऊ नका.

पाकीट नीट वाचा. बनवणाऱ्याचं नाव आणि पत्ता, महिना-वर्ष, कमाल विक्री किंमत हे छापलेलं असायला हवं. छपाई पुसट, नावात एखादं अक्षर इकडचं तिकडे, असं दिसलं तर तो माल नकली असण्याची दाट शक्यता आहे. नामांकित ब्रँडचा पॅड कुणी निम्म्या किमतीत देत असेल, तर आधी शंका घ्या.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. गाडी बनवणाऱ्या कंपनीच्याच पाकिटातला पॅड घ्या असा माझा हट्ट नाही. ब्रेकचे भाग बनवणाऱ्या इतर चांगल्या कंपन्या आहेत, त्यांचा पॅडही उत्तम चालतो आणि कधी स्वस्तही पडतो. भाच्याने घेतलेल्या पॅडवर मात्र ना बनवणाऱ्याचं नाव होतं, ना पत्ता. पाकीट पारदर्शक प्लास्टिकचं आणि बिलही नाही. चूक स्वस्त घेतल्याची नव्हती, कुणी बनवलाय हे माहीत नसलेला पॅड घेतल्याची होती.

बिल मागा आणि त्याचा फोटो काढून ठेवा. नकली माल निघाला आणि दुकानदार दाद देईना, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार करता येते. बिल नसेल तर मात्र तुमचं म्हणणं लंगडं पडतं.

कॅलिपरमधले दोन्ही पॅड एकदमच बदलायचे. एकच झिजलाय म्हणून एकच बदलू नका.

बसवताना जवळ उभं राहा

मिस्त्रीकाकांनी मला सांगितलं, "वहिनी, पॅड चांगला असून उपयोग नाही, बसवणारा पण नीट पाहिजे." काम सुरू असताना पुढच्या गोष्टींकडे लक्ष ठेवा.

पॅडची धूळ तोंडाने किंवा हवेच्या पाइपने उडवू देऊ नका. जुन्या काळच्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं, आणि आजही बेनामी मालात काय आहे हे कुणी सांगू शकत नाही. ओल्या फडक्याने पुसायला सांगा. लहान मुलांना तिथून दूर ठेवा.

नवा पॅड जाड असतो, म्हणून पिस्टन मागे ढकलावा लागतो. त्या वेळी हँडलवरच्या डबीतलं ब्रेक ऑइल वर चढतं. पॅड झिजले म्हणून पातळी खाली गेलेली असताना कुणी मधेच ऑइल भरलं असेल, तर ते आता बाहेर सांडेल आणि रंग खाईल. ऑइल पॅडवर किंवा डिस्कवर पडलं तर ब्रेकच लागणार नाही. ग्रीस फक्त पिनांना, तेही बोटाच्या टोकावर मावेल इतकं.

डिस्क तपासून घ्या. तिच्यावर किमान जाडीचा आकडा कोरलेला असतो. डिस्क त्याच्या खाली गेली असेल किंवा तिच्यावर नखाला लागतील असे खोल चर असतील, तर नवे पॅडही नीट बसणार नाहीत.

ब्रेक ऑइल कधी बदललं होतं ते आठवा. बहुतेक गाड्यांत डॉट ३ किंवा डॉट ४ ऑइल असतं आणि ते हवेतली ओल शोषून घेतं. ताजं डॉट ४ किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. ओल शिरल्यावर ही मर्यादा १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकते. पुष्कळ कंपन्या दर दोन वर्षांनी बदला असं सांगतात. डबीच्या झाकणावर जो प्रकार लिहिला आहे, तोच भरा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. पॅड बसवल्यावर गाडी हलवण्याआधी लिव्हर पाच-सहा वेळा दाबा, हाताला घट्ट लागेपर्यंत. पिस्टन मागे गेलेला असतो, त्यामुळे पहिल्या दाबाला ब्रेक लागतच नाही. गॅरेजच्या दारातच अपघात होतात ते यामुळे.

नव्या पॅडला थोडे दिवस द्या

नवा पॅड पहिल्या दिवसापासून पूर्ण पकड देत नाही. त्याचा पृष्ठभाग डिस्कशी जुळायला वेळ लागतो. रिकाम्या, कोरड्या रस्त्यावर ताशी ४०-५० वेगातून हलका ब्रेक लावून १०-१५ पर्यंत या. मग थोडं अंतर ब्रेक न लावता चालवा, डिस्कला वारा लागू द्या. असं दहा-पंधरा वेळा करा. त्यानंतरचे दोन-तीनशे किलोमीटर कचकन ब्रेक लावायची वेळ येऊ नये असं चालवा.

म्हणून गावी निघण्याच्या आदल्या संध्याकाळी पॅड बदलू नका. किमान दोन आठवडे आधी बदला. हा लेख आत्ताच लिहिण्याचं कारणही तेच.

तुमचा रस्ता कसा आहे?

तुम्ही बंगळूर किंवा पुण्याच्या गर्दीत रोज चालवत असाल, तर वेग कमी पण ब्रेक वारंवार लागतो. कंपनीने दिलेला पॅड तिथे बरोबर असतो, फक्त तो दर सर्व्हिसिंगला बघायचा.

कोकण, गोवा, मंगळूरसारख्या पावसाच्या पट्ट्यात चिखलाची बारीक वाळू पॅडमध्ये शिरते आणि पॅड भराभर झिजतो. पावसाळ्यात महिन्यातून एकदा टॉर्च मारून बघा. खारी हवा असेल तर कॅलिपरच्या पिना अडकतात, त्या साफ करून घ्या. डिस्क ओली असताना पहिला ब्रेक उशिरा पकडतो, म्हणून वळणाच्या बऱ्याच आधी लिव्हर हलकी दाबून डिस्क पुसून घ्यायची सवय लावा.

राजस्थान, माळवा, विदर्भातल्या धुळीच्या रस्त्यांवर आवाज यायला लागला, की लगेच पॅड बदलायला धावू नका. आधी कॅलिपर स्वच्छ करून बघा, पुष्कळदा तेवढ्यानेच भागतं.

एबीएसचं काय, असं काही जण विचारतील. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या दुचाकींना एबीएस आणि १२५ सीसीपर्यंतच्या गाड्यांना एबीएस किंवा जोडब्रेक, म्हणजे सीबीएस, बंधनकारक करण्यात आलं. एबीएस चाक अडकू देत नाही, पण झिजलेल्या पॅडला पकड देत नाही. आणि जोडब्रेकच्या गाडीत पुष्कळदा मागचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. त्यामुळे "मी पुढचा ब्रेक वापरतच नाही" म्हणणाऱ्यांचेही पुढचे पॅड झिजतात.

घाट उतरताना

चांगला पॅडही चुकीच्या हातात जळतो. ज्या गिअरवर चढ चढता, त्याच गिअरवर उतार उतरा. इंजिन गाडीला धरून ठेवतं, ब्रेकचा भार हलका होतो. पेट्रोल वाचवायला न्यूट्रलवर किंवा इंजिन बंद करून उतरू नका. ब्रेक सतत धरून ठेवण्यापेक्षा वळणाआधी नीट लावा आणि सोडा, म्हणजे मधल्या वेळात डिस्क थंड होते.

जळका वास आला किंवा लिव्हर वेगळी लागली, तर पुढच्या वळणाची वाट बघू नका. जागा बघून थांबा आणि अर्धा तास बसा. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका, ती वाकडी होऊ शकते.

मागे बसणाऱ्यांनाही सांगते. तुम्हाला वास आला, वेग जास्त वाटला, तर बोला. ताई गप्प राहिली, कारण तिला वाटलं मुलाचं लक्ष विचलित होईल. पण तिला वास त्याच्या आधी आला होता. ती बोलली असती, तर तो दोन वळणं आधी थांबला असता.

परवा भाचा माझ्याकडे आला होता. या वर्षीचे पॅड त्याने पंधरा दिवसांपूर्वीच बदलले आहेत. ब्रेक ऑइलही नवं भरलंय. बिल, पाकीट आणि जुने पॅड एका पिशवीत घालून तो आईला दाखवायला घेऊन गेला. ताईने सगळं बघितलं, पाकिटावरचा पत्ता चष्मा लावून वाचला आणि म्हणाली, "आधी मला बाजारापर्यंत ने, मग घाटाचं बघू."

तो रविवारी तिला भाजी आणायला घेऊन गेला. अजून तिने होकार दिलेला नाही, पण एसटीचं तिकीटही काढलेलं नाही.

तुम्ही आज संध्याकाळी एवढंच करा. टॉर्च लावा, पाच मिनिटं चाकाजवळ बसा आणि दोन्ही पॅड बघून घ्या. घरात दोन गाड्या असतील तर दोन्ही बघा. मुलांना शेजारी बसवून दाखवा, त्यांना फार आवडतं.

पुढच्या वेळी टायरबद्दल बोलू. सुखरूप जा, सुखरूप या.